थोडेसेच हलणाऱ्या बेअरिंगचे शास्त्र

पवनचक्कीतले बेअरिंग म्हटले की बहुतेकांना मुख्य आसाचे बेअरिंग आठवते. मिनिटाला दहा-पंधरा फेरे, वर सगळ्या पात्यांचे वजन आणि वाऱ्याचा रेटा. ते महत्त्वाचे आहेच. पण ग्रीस आणि झीज यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने सुरुवात पात्याच्या मुळापासून करावी, असे मला वाटते. तिथले बेअरिंग फिरत नाही, जेमतेम हलते. खरी गंमत तिथेच आहे.

भारतातल्या पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांत, 1986 च्या सुमारास रत्नागिरी, ओखा वगैरे किनाऱ्यांवर, 55 किलोवॉटची यंत्रे बसली. त्या पिढीतल्या बहुतेक यंत्रांची पाती मुळाशी बोल्टांनी पक्की केलेली असत, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. यंत्रे मेगावॉटची झाली तेव्हा वाऱ्यानुसार पाते स्वतःभोवती वळवणे भाग पडले आणि प्रत्येक पात्याच्या मुळाशी काही मीटर व्यासाचे बेअरिंग आले. यंत्र थांबवताना पाते साधारण 90 अंश वळते. एरवी मात्र ते अंशा-दोन अंशांत मागेपुढे होत राहते, किंवा एकाच जागी उभे राहून वाऱ्याच्या झोतांनी नुसते थरथरते. तेवढ्या वेळात कित्येक टनांच्या पात्याचा भार त्याच त्या छर्‍यांवर असतो.

बेअरिंग वेगाने फिरते तेव्हा छर्रा आणि रेस, म्हणजे छर्रा जिच्यावरून घरंगळतो ती कडी, यांच्यामध्ये तेल ओढले जाते आणि मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असा थर तयार होतो. हा थर गतीवर जगतो. मागेपुढे हलणाऱ्या छर्‍याचा वेग प्रत्येक टोकाला शून्य होतो. शिवाय छर्रा वाटेतले ग्रीस दोन्ही बाजूंना लोटतो आणि ते परत येण्याआधी पुन्हा त्याच जागी येतो. हालचाल फारच लहान असेल तर स्पर्शाच्या मधला भाग कधी उघडाच पडत नाही, तिथे तेल पोचणार कसे? मग धातूला धातू घासतो, सूक्ष्म कण सुटतात, गंजतात, आणि ती तांबूस भुकटी ग्रीसमध्ये मिसळून आणखी घासायला लागते. रेसवर छर्‍यांच्या अंतराने खळगे उमटतात. ब्रिनेलच्या कठीणता-चाचणीतल्या खळग्यांसारखे ते दिसतात, पण दाबाने नव्हे, झिजेने झालेले असतात. म्हणून याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. अमेरिकेत जे. ओ. आल्मेन यांनी 1937 साली यावर लिहिले. रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींची चाकांची बेअरिंगे गाडी रस्त्यावर धावण्याआधीच खराब होत होती.

आता ग्रीसकडे वळू. त्यात बहुतांश तेलच असते. लिथियमसारख्या धातूच्या साबणाची बारीक जाळी ते धरून ठेवते आणि थोडे थोडे सोडते. पात्याच्या बेअरिंगला पातळ, पटकन सुटणारे तेल मानवते, कारण ते रिकाम्या वाटेत लवकर परत येते. मुख्य बेअरिंगला उलट जाड तेल लागते. 40 अंश सेल्सिअसला 460 सेंटिस्टोक ही तिथली नेहमीची पातळी. देखभाल करणाऱ्यांना मात्र सगळीकडे एकच ग्रीस चालावे असे वाटते. शिडी चढून वर जाणाऱ्या माणसाची ही अपेक्षा रास्त आहे, तरी एकाच ग्रीसने दोन्ही बेअरिंगे सारखीच सुखी राहतील असे मला वाटत नाही. ग्रीस बदलताना जुन्यात नवे मिसळणे तर त्याहून धोक्याचे: लिथियम साबणाचे ग्रीस आणि पॉलियुरियाच्या जाळीचे ग्रीस एकत्र आले की बरेचदा मिश्रण मऊ पडते आणि सीलमधून गळते.

चाचण्यांच्या आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. फाफनिर नावाची एक रूढ चाचणी आहे. तिच्यात लहानसे बेअरिंग 12 अंशांच्या टप्प्यात सेकंदाला 30 वेळा, असे 22 तास हलवतात आणि शेवटी वजन किती घटले ते मोजतात. ग्रीसची आपापसांत तुलना करायला ती ठीक आहे. पण कोणते पाते सेकंदाला 30 वेळा हलते? म्हणूनच जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने हॅम्बुर्गला पूर्ण आकाराची बेअरिंगे तपासण्याची सोय उभारली, हे मला योग्य दिशेचे पाऊल वाटते. काही वेळा तर उपाय ग्रीसमध्ये नसतोच, तो नियंत्रणाच्या प्रोग्रॅममध्ये असतो. ठरावीक काळाने पाते मुद्दाम मोठ्या कोनातून एकदा फिरवले, की बाजूला लोटलेले ग्रीस पुन्हा वाटेत येते.

त्यामुळे या विषयाला रसायनशास्त्रज्ञ हवेत, यंत्र अभियंते हवेत, प्रोग्रॅम लिहिणारे हवेत आणि ग्रीस गन हातात धरणारे तंत्रज्ञही हवेत. तुम्ही यांपैकी कोणीही असा, पुढची सूत्रे वाचण्याआधी पात्याचे एखादे काढून टाकलेले बेअरिंग मिळवा, त्याची रेस पुसून भिंगाखाली पाहा आणि पुसल्या चिंधीवर उतरलेला रंगही बघा.