हरवलेल्या तबकडीचा परतीचा प्रवास

पिंपरी-चिंचवडहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलनं कामशेत सोडलं, की येतं मळवली. कार्ला-भाज्याची लेणी पाहणारे इथं उतरतात. १९७१ साली याच मळवलीत ‘स्नेहयात्रा’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरला होता. अमेरिकेतलं वुडस्टॉक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

त्याच पिढीतला मुंबईचा बँड म्हणजे ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’. कीथ कांगा, गिटारवादक नील चट्टोपाध्याय आणि गायक मधुकर धस ही त्यातली प्रमुख नावं. तो काळ आयात निर्बंधांचा. चांगली विद्युत गिटार मिळवायची, तर मोठा खटाटोप करावा लागे. रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा चाले चित्रपटगीतांवर. १९७० आणि ७१ साली एका सिगारेट कंपनीनं भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, एवढंच अप्रूप.

हे संगीत मराठीपासून फार लांबही नव्हतं. अलेक पदमसींच्या १९७४ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये धस येशू झाले, तर ज्यूडास होते नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधून हेच भेंडे मराठी रंगभूमीवर रॉकचा ठेका घेऊन आले. ते नाटक पुण्याच्या थिएटर अकादमीचं.

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची ‘ऑब्सेशन ७७’ ही ध्वनिमुद्रिका ‘म्युझिक इंडिया’नं काढली. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर तर डिस्कोची लाट आली आणि रॉकवाले मागे पडले. तबकडी दुर्मिळ झाली. संग्राहकांत तिचा शोध सुरू झाला. अखेर २०११ साली लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीनं हे संगीत पुन्हा प्रसिद्ध केलं. आपल्याकडे अडगळीत पडलेली वस्तू साता समुद्रापलीकडच्या माणसांनी झटकून पुसून वर काढली!

आपल्या या पट्ट्याचा इतिहास आपण सनावळीत सांगतो. १९५४, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९७०, नगरपालिका. १९८२, महानगरपालिका. त्यात ‘स्नेहयात्रे’चा उल्लेख सहसा येत नाही. कारखान्यांची दप्तरं असतात, पालिकेचे ठराव असतात. गाण्याच्या रात्रीचं दप्तर ठेवणार कोण?

तबकडी परत आली, कारण कुणीतरी ती जपून ठेवली होती. आठवणींची मात्र दुसरी प्रत नसते. तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. चिंचवडला, तळेगावला, कदाचित तुमच्याच घरात त्यांपैकी कुणी असेल. एखादं तिकीट, एखादा फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. विचारा त्यांना. सांगतील ते ऐका, तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. हे काम कुणी परदेशी कंपनी येऊन करणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)