बुडत्या मचव्यावरचा कप्तान : एका प्रवेशाचा इतिहास

नाटकातील पात्राच्या प्रवेशाविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. पूर्वसूचनेवाचून पात्राने रंगमंचावर येऊ नये, हा संस्कृत नाट्यपरंपरेचा संकेत विद्यार्थ्यांना सांगतो आणि त्यामागची जाणही उलगडून दाखवतो : पात्र येण्याआधी प्रेक्षकाच्या मनात त्याच्यासाठी जागा तयार झालेली असावी लागते. चित्रपटातील नायकाच्या प्रवेशाचा विषय निघाला की मात्र आपली भाषा आखडते. तो टाळ्या-शिट्ट्यांचा मामला, समीक्षेचे तेथे काय काम, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका टाळ्या घेणाऱ्या प्रवेशाचा विचार करू इच्छितो. हा प्रवेश आहे कॅप्टन जॅक स्पॅरोचा, २००३ साली आलेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : द कर्स ऑफ द ब्लॅक पर्ल' या चित्रपटातील.

प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात असेल. डोलकाठीच्या टोकाशी एक पाठमोरी आकृती उभी आहे. वारा केसांशी खेळतो आहे, संगीत चढत चालले आहे, नजर क्षितिजावर. एखाद्या मोठ्या गलबताचा हा अधिपती असणार असे आपण गृहीत धरतो. इतक्यात त्याची नजर खाली जाते, तो दोराला धरून उतरतो, आणि कळते की हा एक लहानसा मचवा असून त्याच्या तळाशी पाणी भरते आहे. कप्तान बादलीने पाणी उपसू लागतो. समोरच्या खडकावर फाशी दिलेल्या चाच्यांचे सांगाडे टांगलेले दिसतात; तो टोपी काढून छातीशी धरतो आणि मृतांना वंदन करतो. पुढच्या दृश्यात पोर्ट रॉयलच्या बंदरातील माणसे अवाक् होऊन पाहत आहेत, कारण मचवा जवळजवळ पूर्ण बुडाला असून डोलकाठीचा शेंडा तेवढा पाण्यावर आहे. त्यावर ताठ उभा असलेला कप्तान, मचवा तळाला टेकतो नेमक्या त्याच क्षणी, धक्क्यावर पाऊल ठेवतो आणि चालू लागतो. जणू काही सारे असेच घडायचे ठरले होते.

या प्रवेशावर रसिकांनी जिवापाड प्रेम केले. चित्रपटाने जगभरात ६५ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली; जॉनी डेप या नटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, जे विनोदी साहसपटातील भूमिकेच्या वाट्याला क्वचितच येते. पुढच्या प्रत्येक भागात निर्मात्यांनी हे ऋण फेडण्याचा प्रयत्न केला. २००६च्या चित्रपटात हा कप्तान समुद्रात तरंगणाऱ्या शवपेटीतून बाहेर येतो आणि सांगाड्याच्या पायाचे वल्हे करतो. २०११ साली तो लंडनमध्ये न्यायाधीशाच्या वेषात उगवतो. २०१७ साली बँकेच्या तिजोरीत झोपलेला सापडतो. पण पहिल्या प्रवेशाची सर कशालाच आली नाही.

याचे श्रेय सहसा नटाला दिले जाते, आणि ते गैर नाही. कीथ रिचर्ड्स या रॉक संगीतकाराची लकब डोळ्यांपुढे ठेवून डेपने ही चाल आणि हा तोल घडवला. पुढे २००७च्या भागात याच रिचर्ड्सने जॅकच्या बापाची भूमिकाही केली. परंतु आमच्या मते या प्रेमाचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते इतिहासात दडलेले आहे. समुद्री चाच्याला नायक म्हणून प्रेक्षकांपुढे आणताना रंगभूमी आणि चित्रपट यांना दोनशे-तीनशे वर्षे काही ना काही सबब सांगावी लागली. जॅकच्या प्रवेशात ती सबब नाही.

या सबबींचा आरंभ आपल्या समुद्राशी जोडलेला आहे, हे फारसे लक्षात येत नाही. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेकडे परतणारे 'गंज-ए-सवाई' हे औरंगजेबाचे जहाज लुटले. जहाजावर यात्रेकरू होते, स्त्रिया होत्या. त्यांच्यावर झालेल्या अत्याचारांची नोंद खाफीखानाने करून ठेवली आहे. एव्हरी कधीच सापडला नाही. १७१२ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात चार्ल्स जॉन्सनचे 'द सक्सेसफुल पायरेट' हे नाटक आले. एव्हरीच्या कथेवर बेतलेला त्याचा नायक मादागास्करचा राजाच झालेला आहे. लुटारू रंगमंचावर आला तो राजा होऊन, आणि लुटले गेलेले बहुतेक पडद्याआडच राहिले. १७२४ साली याच नावाच्या, पण बहुधा टोपणनाव घेतलेल्या, लेखकाने चाच्यांचा चरित्रसंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढच्या कादंबरीकारांना कथांची खाण मिळाली. हॉवर्ड पाइलच्या चित्रांनी चाच्याला वेष दिला. त्याची चाच्यांविषयीची चित्रे आणि कथा १९२१ साली ग्रंथरूपात एकत्र आल्या. चित्रपटांनी तो वेष उचलला.

चित्रपटाने सबबीही उचलल्या. १९२६च्या 'द ब्लॅक पायरेट'मध्ये डग्लस फेअरबँक्स शिडात खंजीर खुपसून ते फाडत खाली घसरतो, आणि त्या एका उडीवर प्रेक्षक आजही खूश होतात. पण तो खरा चाचा नाहीच. बापाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी चाच्यांत शिरलेला तो एक उमराव आहे. १९३५च्या 'कॅप्टन ब्लड'मधील एरॉल फ्लिन हा डॉक्टर आहे. १६८५च्या मन्मथ बंडातील एका जखमीवर उपचार केल्याच्या गुन्ह्याखाली त्याला गुलाम म्हणून विकले जाते, तेही पोर्ट रॉयलमध्येच. त्याचा प्रवेश चाच्याचा नसून सज्जनाचा आहे. अन्याय त्याला समुद्रावर लोटतो आणि शेवटी राजाच त्याला मानाने परत घेतो. १९५२च्या 'द क्रिमझन पायरेट'मध्ये बर्ट लँकेस्टर डोलकाठीच्या दोरावरून झोके घेत थेट प्रेक्षकांशी बोलतो आणि जे दिसेल त्यातले निम्मेच खरे माना असे बजावतो. जॅकचा खरा पूर्वज हाच. तरी त्यालाही अखेर बंडखोरांच्या बाजूने लढून आपली योग्यता सिद्ध करावी लागते. पुढे हा प्रकार थकत गेला. १९९५च्या 'कटथ्रोट आयलंड'ने इतका तोटा केला की चाच्यांचा चित्रपट म्हणजे अपशकुन, असे हॉलिवूडमध्ये मानले जाऊ लागले.

या पार्श्वभूमीवर २००३चा प्रवेश पाहावा. परंपरेने दिलेले सारे वैभव त्यात आहे : डोलकाठी, वारा, संगीत, क्षितिज. पण ते वैभव बुडत्या मचव्यावर ठेवलेले आहे. कप्तान उमराव नाही, डॉक्टर नाही, कोणाचा सूडही घेत नाही. त्याच्यापाशी जहाज नाही, खलाशी नाहीत. आहे ती केवळ आपण कप्तान आहोत ही खात्री. चाच्याचा रुबाब हा मुळात रुबाबाचा देखावा होता, ही गोष्ट येथे लपवलेली नाही. तिच्यावर आपल्याला हसू दिले आहे, आणि हसूनही त्या माणसाचा मान कमी होऊ दिलेला नाही. पाणी उपसत असतानाच तो मृतांना वंदन करायला थांबतो. हसू आणि आदर एकाच श्वासात मागणारा प्रवेश विरळा. आमच्या मते रसिकांचे प्रेम आहे ते या प्रामाणिकपणावर.

ते सांगाडेही केवळ सजावट नव्हेत. जॅक रॅकहॅम या खऱ्याखुऱ्या चाच्याला १८ नोव्हेंबर १७२० रोजी पोर्ट रॉयल येथे फाशी देऊन त्याचे प्रेत बंदराबाहेरच्या बेटावर टांगले होते. ते बेट आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खलाशाने ते पाहावे हाच हेतू. गंमत अशी की याच जमैकातून निघून हेन्री मॉर्गनने स्पॅनिश शहरे लुटली, आणि त्याला १६७४ साली 'सर' ही पदवी व उपराज्यपालपद मिळाले. लुटीच्या जोडीला सरकारी परवाना असला तर सरदारकी, नसला तर फास. विल्यम किड तर राजाचा परवाना घेऊन निघाला होता. १६९८ साली मलबार किनाऱ्याजवळ 'क्वेदाह मर्चंट' हे जहाज धरल्याबद्दल १७०१ साली लंडनमध्ये त्याला फाशी झाली. सगळा फरक कागदाचा.

म्हणूनच जॅकच्या प्रवेशाचा शेवट आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. धक्क्यावर बंदराचा अधिकारी नोंदवही घेऊन उभा आहे. मचवा बांधण्याचा एक शिलिंग तो मागतो, आणि नाव विचारतो. जॅक तीन शिलिंग पुढे करतो : नावाचे विसरून जाऊ. अधिकारी त्याचे 'मिस्टर स्मिथ' म्हणून स्वागत करतो, आणि जाता जाता जॅक त्याचीच पैशाची थैली लांबवतो. चाचा कोण, हे ठरवणारी वही आणि ती वही धरणारा हात, दोन्ही विकाऊ आहेत, हे एका विनोदात सांगून झाले.

येथपर्यंत आम्ही या चित्रमालिकेचे चाहते आहोत. अडचण पुढे येते. २००७च्या 'अॅट वर्ल्ड्स एंड' या भागात जगातील नऊ चाचे-प्रमुखांची सभा भरते. त्यांतील हिंदी महासागराच्या प्रमुखाचे पूर्ण नाव आहे श्री सुंभाजी अँग्रिया. मराठी वाचकाला हे नाव ओळखायला वेळ लागू नये. कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी आंग्रे यांचाच हा अपभ्रंश आहे. आम्ही हा भाग विद्यार्थ्यांसमवेत पाहिला तेव्हा नाव कानी पडताच वर्गात कुजबुज झाली, दोघे-तिघे सावरून बसले. पण त्या पात्राच्या वाट्याला येते काय? भरजरी वेष, त्याच्या वतीने बोलणारा सेवक, आणि अखेर तोंड उघडल्यावर हसे व्हावे असा बारीक आवाज. मार्शल मानेश या इराणी-अमेरिकी नटाने ते काम नेटके केले आहे. दोष त्याचा नव्हे. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, ह्यांना एंट्रीच नाही का?"

प्रश्न साधा होता आणि तो आम्हांला टाळता आला नाही. कारण या चित्रमालिकेतील खलनायक आहे ईस्ट इंडिया कंपनीच. कंपनीच्या सनदेचा मुलूख होता केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला. कॅरिबियन समुद्रात तिचे राज्य कधीच नव्हते. पटकथेने तिला तेथे नेऊन बसवले, आणि तिच्याशी खरोखर झुंजलेल्या आरमाराच्या वारसाला तिच्याविरुद्धच्या सभेत विदूषक केले. कान्होजी सरखेलांनी कोकण किनाऱ्यावर दस्तकाची पद्धत चालवली : या पाण्यातून व्यापार करायचा तर आमचा परवाना घ्या. इंग्रजांनी तो अधिकार नाकारला आणि कान्होजींना चाचा ठरवले. १७३७ साली लंडनमध्ये निघालेल्या क्लेमंट डाउनिंगच्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'अँग्रिया द पायरेट' असा उल्लेख आहे. १७३५ साली संभाजी आंग्र्यांनी कंपनीचे 'डर्बी' हे जहाज पकडले, ती घटना तर त्या वेळी ताजीच होती. येथेही वाद कागदाचाच होता. वही कोणी धरायची याचा.

यावरून आपल्या वीरकथेचा एक नवा प्रवेश लिहावा, असे आम्हांला सुचवायचे नाही. आंग्र्यांच्या आरमाराने धरलेल्या जहाजांवर एतद्देशीय व्यापाऱ्यांचा मालही असे, आणि १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला तो पेशव्यांशी हातमिळवणी करूनच. आज भारतीय नौदलाचा मुंबईतील तळ 'आंग्रे' हे नाव वागवतो. नोंदवहीचे पान पुन्हा उलटले, इतकेच. चाचा आणि सरखेल या दोन शब्दांमधील अंतर त्या काळीही निश्चित नव्हते, आणि पोर्ट रॉयलच्या धक्क्यावरचा तो विनोद हेच तर सांगतो. पण जॅकला ती संदिग्धता नायकत्व मिळवून देते, संभाजीला मात्र ती मिळत नाही. २००३च्या प्रवेशाचे औदार्य २००७मध्ये एका मर्यादेवर येऊन थांबले.

तरीही आम्ही तो पहिला प्रवेश वर्गात दाखवत राहणार आहोत, आणि विद्यार्थी हसतील तेव्हा आम्हीही हसू. फक्त त्यानंतर लगेच सभेचे दृश्य लावू, आणि विद्यार्थ्यांना एकच काम देऊ : दोन्ही दृश्यांत कॅमेरा पात्राकडे कोणत्या उंचीवरून पाहतो, संगीत कोणासाठी थांबते, आणि पात्र येण्याआधी आपल्या मनात कोणती जागा तयार झालेली असते, हे लिहून काढा. पूर्वसूचनेचा तो जुना संकेत येथे पुन्हा उपयोगी पडतो. जॅकसाठी आपल्या मनात जागा तयार करायला ड्रुरी लेनच्या नाटकापासून तीनशे वर्षे खर्ची पडली आहेत. सुंभाजीसाठी पूर्वसूचना होती ती डाउनिंगच्या ग्रंथाच्या शीर्षकाएवढीच. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा नीट देऊ शकलो नव्हतो. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.