शास्त्री, भिक्षुक, यजमान आणि धर्मसिंधु

जुन्या बाडांत धर्मशास्त्राची एखादी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक पहिल्यानें ग्रंथकर्ता, शक व लेखनस्थळ पाहतो, टिपण करतो आणि पोथी पुन्हां बांधून ठेवतो. ती कोणाच्या घरची, तिचा मालक विद्येनें कोण, आणि ती हातीं आल्यानें त्याच्या वृत्तींत व स्वतःविषयींच्या समजुतींत कोणता पालट झाला, याचा विचार सहसा होत नाहीं. प्रस्तुत लेखांत एकाच ग्रंथाच्या संबंधानें तो विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो ग्रंथ म्हणजे पंढरपूरनिवासी काशीनाथोपाध्याय यांचा धर्मसिंधुसार, लोकांच्या तोंडीं नुसता धर्मसिंधु. ग्रंथ सर्वांच्या परिचयाचा आहे; किंबहुना अतिपरिचयामुळेंच त्याच्याकडे या दृष्टीनें पाहण्याचें राहून गेलें असावें.

धर्मसिंधूच्या पूर्वीं जो ग्रंथ महाराष्ट्रांत प्रमाण मानीत, तो कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु. हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, पुढें काशींत स्थायिक झालेलें, ग्रंथ इ. स. १६१२ मध्यें पुरा झाला. त्याची रचना कशी आहे हें ध्यानीं घेतल्यावांचून पुढील विवेचन कळणार नाहीं. एकाद्या व्रताच्या तिथीविषयीं संशय असला तर कमलाकरभट्ट प्रथम स्मृतिपुराणांतील वचनें देतात, मग हेमाद्रि काय म्हणतो, माधव काय म्हणतो तें मांडतात, एकाचें खंडन करतात, दुसऱ्याची व्यवस्था लावतात, आणि शेवटीं निर्णय. तो निर्णयहि पुष्कळदां चार शब्दांत उरकलेला असतो. मीमांसेचे न्याय ज्यास अवगत नाहींत तो या अरण्यांत शिरला तर बाहेर येण्याची वाट त्यास सांपडत नाहीं. म्हणजे हा ग्रंथ वाचणारा मनुष्य शास्त्रीच असावयाचा.

आणि शास्त्री व भिक्षुक या दोन निराळ्या वृत्ति होत्या. शास्त्र्यानें व्याकरण, न्याय, मीमांसा पढावी, शिष्यांस सांगावी, विचारलें असतां व्यवस्था द्यावी. भिक्षुकानें यजमानाच्या घरीं संस्कार, श्राद्धपक्ष, शांति हीं कर्में चालवावीं. त्याचा प्रयोग मुखोद्गत असे, परंतु प्रयोग अमक्या दिवशीं अमक्या रीतीनेंच कां, हें सांगण्याचें काम त्याचें नव्हे. परगांवीं झालेल्या मृत्यूची वार्ता महिन्यानें आली तर सुतक किती, अधिकमासांत वर्षश्राद्ध आलें तर करावें कसें, असे प्रश्न उत्पन्न झाले म्हणजे भिक्षुक शास्त्र्याच्या दारीं जाई. शास्त्रीबोवांच्या शब्दानें भिक्षुकाचें काम चाले, आणि भिक्षुकाच्या शब्दानें यजमानाचें. ही उतरंड कोणीं आज्ञा काढून रचली नव्हती. ती ग्रंथांच्या दुर्बोधतेवर उभी होती, हें आमचें म्हणणें आहे.

काशीनाथोपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये हे रत्नागिरी जिल्ह्यांतील गोळवली गांवच्या पाध्ये घराण्यांतले, अनंतोपाध्यायांचे पुत्र. कवि मोरोपंतांशीं त्यांची सोयरीक होती. धर्मसिंधु शके १७१२, म्हणजे इ. स. १७९०-९१ मध्यें पुरा झाला. पुढें त्यांनीं संन्यास घेतला व शके १७२७ मध्यें ते समाधिस्थ झाले. ग्रंथारंभीं त्यांनीं आपला हेतु स्वच्छ सांगितला आहे. मीमांसा व धर्मशास्त्र जाणणारे, बुद्धिमान व उद्योगी असे जे पंडित, त्यांचें काम पूर्वींच्या निबंधांनीं होऊन गेलेलें आहे, त्यांच्यासाठीं हा खटाटोप नाहीं. मंदबुद्धि, आळशी व अजाण असून ज्यांस धर्माचा निर्णय मात्र हवा आहे, त्यांच्याकरितां हा ग्रंथ रचला, असा त्या श्लोकांचा आशय आहे.

संस्कृत ग्रंथांच्या आरंभीं 'बालांच्या बोधाकरितां' असें म्हणण्याचा शिष्टाचारच आहे, आणि पुष्कळदां तो ग्रंथ बालांस सोडाच, त्यांच्या गुरूंसहि कळत नाहीं. काशीनाथोपाध्यायांनीं मात्र तो शब्द खरा केला. मूळ वचनें त्यांनीं बहुतेक गाळलीं, वाद गाळले, आणि निर्णय तेवढा सोप्या गद्यांत लिहिला. पहिल्या परिच्छेदांत काळाचा सामान्य निर्णय, दुसऱ्यांत चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यांचीं कृत्यें, तिसऱ्याच्या पूर्वार्धांत संस्कार व आह्निक, उत्तरार्धांत श्राद्ध, आशौच, अंत्यकर्म व संन्यास, असा क्रम आहे. रघुवंशाचे दोनचार सर्ग नीट झालेल्या विद्यार्थ्यास यांतील बराचसा भाग स्वतः लावतां येतो, हें आम्ही अध्यापनाच्या अनुभवावरून सांगूं शकतों.

एक उदाहरण पुरेसें होईल, आणि तें पंढरपूरच्या ग्रंथकारास अगदीं जवळचें आहे. एकादशीस दशमीचा वेध असला तर उपवास कोणत्या दिवशीं करावा? सूर्योदयाचा वेध स्मार्तांनीं टाळावा, अरुणोदयाचा म्हणजे छप्पन्न घटिकांचा वेध वैष्णवांनीं टाळावा, हें ठरलेलें आहे. परंतु वैष्णव कोण? ज्यानें वैष्णवी दीक्षा घेतली तो, असें शास्त्रदृष्ट्या उत्तर येतें, आणि त्या मापानें पाहूं गेल्यास आमच्याकडील माळकरी मंडळींपैकीं किती जण उतरतील याची शंकाच आहे. धर्मसिंधूंतील निर्णय असा कीं, स्मार्तपणा व वैष्णवपणा हे ज्याच्या त्याच्या घराण्याच्या परंपरेनें प्रसिद्ध असतील तेच वृद्ध लोक मानतात. एवढें एक वाक्य वाचल्यावर भिक्षुकास यजमानाचें उत्तर देण्यासाठीं शास्त्र्याकडे जाण्याचें कारण उरलें नाहीं. आणि यजमानास 'आपण कोण' हें ठरविण्यासाठीं आपल्या आजोबांची रीत आठवणें पुरेसें झालें. आज पंचांगांत 'स्मार्त एकादशी' व 'भागवत एकादशी' असे दोन शब्द लागोपाठच्या दिवशीं छापलेले दिसतात. ते पाहून आपण यांतील कोण, असा प्रश्न ज्या घरांत कधीं निघाला नसता त्या घरांतहि तो निघतो.

याचा परिणाम पहिल्यानें भिक्षुकवर्गावर झाला. आमच्या संग्रहीं एका भिक्षुक घराण्यांतून आलेली धर्मसिंधूची एक पोथी आहे. तींतील संन्यासप्रकरणाचीं पानें कोरीं करकरीत आहेत. आशौचाचीं मात्र कडा झिजून काळवंडलेलीं, जागोजाग पाण्याचे डाग पडलेलीं, आणि समासांत मराठींत लहान लहान टिपणें केलेलीं. मामा, मावसभाऊ, विवाहित कन्या यांच्या सुतकाचे दिवस आंकड्यांनीं मांडले आहेत. म्हणजे पोथी देव्हाऱ्यांत पूजेला ठेवलेली नव्हती. ती कामाला, पुष्कळदां स्मशानाच्या वाटेवर, बरोबर नेलेली होती. तिच्या मालकानें स्वतःस पूर्वींप्रमाणें केवळ मंत्र म्हणणारा समजलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. तो निर्णय सांगत होता. शास्त्रीमंडळींस हें रुचलें नसावें. धर्मसिंधूपलीकडे ज्याची धांव नाहीं अशा भटाविषयीं तुच्छतेनें बोलण्याची चाल आमच्या लहानपणापर्यंत चालत आलेली होती. त्या तुच्छतेंत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. वचन गाळून निर्णय तेवढा पाठ केला म्हणजे निर्णय चुकला तरी कळत नाहीं, आणि दोन प्रसंगांतला भेदहि दिसेनासा होतो. तरी पण जें ज्ञान चार घरांत कोंडलेलें होतें तें चारशें घरांत गेलें, हें तिच्यापेक्षां मोठें आहे, असें आमचें मत आहे.

इकडे शास्त्र्यांची वृत्ति दुसऱ्याच एका ग्रंथानें आटोपली. इंग्रजी न्यायालयांत हिंदु धर्मशास्त्राचा अर्थ सांगण्यासाठीं शास्त्री नेमलेले असत. १८६४ च्या कायद्यानें हीं पदें रद्द झालीं. पुढें १८६७ सालीं वेस्ट व ब्यूलर यांचा हिंदु कायद्यावरील संग्रह मुंबईस प्रसिद्ध होऊं लागला. तो मुख्यत्वें मुंबई इलाख्यांतील न्यायालयांत शास्त्र्यांनीं दिलेल्या उत्तरांवरून सिद्ध केला होता. मनुष्य गेला व त्याचीं उत्तरें पुस्तकरूपानें राहिलीं. न्यायाधीशास आतां शास्त्र्याचें तोंड पाहण्याची गरज नव्हती. याच संग्रहांत पश्चिम हिंदुस्थानांतील प्रमाणग्रंथांमध्यें निर्णयसिंधूबरोबर धर्मसिंधूचीहि गणना केलेली आहे. आळशांकरितां लिहिलेला ग्रंथ असा न्यायासनापुढें जाऊन बसला! हेच ब्यूलर पुढें हस्तलिखितांचे मोठे संग्राहक म्हणून प्रसिद्ध झाले, आणि त्यांनीं सरकाराकरितां मिळविलेल्या पोथ्या आज पुण्यास भांडारकर संस्थेंत आहेत, हें वाचकांस विदित आहेच.

यानंतर छापखाना. गणपत कृष्णाजी यांनीं १८४१ सालीं मुंबईस पंचांग छापलें, तेव्हांच जोशाच्या वृत्तीचा एक लहानसा तुकडा सुटला होता. छापील कागद सोंवळ्यांत चालेना, म्हणून शाईंत चरबीऐवजीं तूप घालीत असत असें सांगतात. पुढें जावजी दादाजींनीं १८६९ सालीं छापखाना काढला, त्याचें नांवच निर्णयसागर. धर्मसिंधु छापून निघाला, आणि बापूशास्त्री मोघे यांनीं त्याचें मराठी भाषांतर केलें. येथें उतरंडीची दुसरी पायरी हालली. संस्कृत न जाणणारा कारकून, मास्तर किंवा पेन्शनर यजमान पुस्तक उघडून बसूं लागला, आणि भटजी संकल्प सांगत असतां मध्येंच त्यांस अडवून विचारूं लागला. पूर्वीं भिक्षुक शास्त्र्यास जें करूं शकला तेंच आतां यजमान भिक्षुकास करूं लागला, आणि भिक्षुकांस तें तितकेंच झोंबलें.

परंतु या सर्व प्रकारांत एक मर्यादा आहे, ती सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. धर्मसिंधूनें अजाणांस हात दिला, तरी ते अजाण त्रैवर्णिकांतले. शूद्रानें कर्म करावें तें ब्राह्मणाच्या द्वारें, ही व्यवस्था त्यानें तशीच ठेवली आहे. जो मोठा यजमानवर्ग त्याच्या बाहेर होता, त्याच्या बाजूनें उत्तर आलें तें दुसऱ्या पुस्तकानें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि १८८७ सालीं समाजाचा पूजाविधि मंगलाष्टकांसह छापून प्रसिद्ध केला. त्यांत वधूवर स्वतःच मराठींत एकमेकांस वचन देतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचीहि मागणी करते, भटजी नाहींच. धर्मसिंधूनें वचनें गाळून पुरोहित ठेवला होता; येथें पुरोहितच गाळला गेला. त्याच दशकांत जुन्नरजवळ ओतूर येथें एका पाटलानें ब्राह्मणावांचून लग्न लावलें, त्यावरून वतनदार जोशानें फिर्याद केली व ती उच्च न्यायालयापर्यंत गेली. ज्यानें जोशाकडून कर्म करवून घेतलेंच नाहीं त्यास दक्षिणा देण्याचें बंधन नाहीं, असा निकाल लागला. जोशी व यजमान यांचें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें वतनी नातें सेवा घेणारा व सेवा देणारा इतक्यावर आलें, तें येथें.

धर्मसिंधु लिहितांना काशीनाथोपाध्यायांच्या मनांत यांतलें कांहींहि नव्हतें, हें सांगणें नको. विठ्ठलभक्त, आचारनिष्ठ असे ते गृहस्थ होते. फुल्यांचा पूजाविधि त्यांनीं हातीं धरला नसता, आणि फुल्यांनींहि धर्मसिंधूची भीड ठेवली नसती. दोघांनींहि लिहिलें मात्र ज्यास पंडित गणीत नाहींत अशा वाचकासाठीं.

संग्राहकांस विनंती एवढीच कीं, धर्मसिंधु, प्रयोगपद्धति, आशौचनिर्णयाचीं सुटीं पानें हीं अर्वाचीन व सर्वत्र मिळणारीं म्हणून रद्दींत टाकूं नयेत. छापील प्रतीवरून उतरलेल्या पोथ्याहि सांपडतात. त्यांच्या मूळपाठास किंमत नसेल, परंतु त्या कोणीं व कशासाठीं उतरल्या याला आहे. यादी करतांना मालकाचें नांव व वृत्ति, समासांतील मराठी टिपणें, आणि कोणतें प्रकरण अधिक झिजलें आहे, एवढ्या तीन गोष्टींची नोंद झाली तरी पुढच्या अभ्यासकाचें पुष्कळ काम होईल. आमच्या पोथीच्या शेवटच्या पानावर लेखकानें शक घातलेला नाहीं. पुस्तक कोणास उसनें दिलें व केव्हां परत आलें याची मात्र अकरा नोंदी आहेत, आणि त्यांतील दोघांच्या नांवापुढें 'शास्त्री' असें लिहिलेलें आहे.