मणका मोडल्यावर: खाटेवरून उठण्याचा इतिहास

आजच्या भागाचा हा लेखी उतारा, नेहमीसारखा थोडा साफ केलेला. विषय जरा जड आहे, पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचाच.

सुरुवात १९७२ पासून. जर्मनीतलं हायडेलबर्ग. पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक मिळालं ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. २०१८ ला पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' आला, म्हणून आपल्या पिढीला हे नाव माहीत झालं. नाहीतर शाळेत कुणी सांगितलं होतं आपल्याला?

मला मात्र त्या पदकापेक्षा त्यामागची उपचारपद्धत जास्त इंटरेस्टिंग वाटते. कारण त्याआधी शेकडो वर्षं कण्याला मार लागलेल्या माणसासाठी एकच उत्तर होतं: खाट. पडून राहायचं. मग अंगाला जखमा व्हायच्या, लघवीचा संसर्ग व्हायचा आणि माणूस मूळ दुखण्याने नाही, पडून राहण्याने जायचा. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी हे मोडून काढलं. ते नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू निर्वासित. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, त्याला बसवा, काम द्या, खेळवा, असा त्यांचा खाक्या. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिक त्यातूनच आलं. आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची संस्था उभी राहिली, ती आजही आहे.

आता तुम्ही म्हणाल, गोळी लागलेला जवान कुठे आणि आपली आजी कुठे! बरोबर आहे. पेटकरांची इजा मज्जारज्जूची. म्हातारपणी होतं ते बहुतेक वेळा वेगळं: हाड आतून पोकळ होतं आणि मणका समोरून दबतो. पाय शाबूत राहतात. पण खाटेची चूक दोन्हीकडे तीच.

नागोठण्याला आमच्या घरी हेच झालं. आजी पडलीबिडली नाही, तांदळाचा डबा उचलायला वाकली आणि पाठीत कळ आली. शेजारपाजारचे येऊन सांगू लागले, "काकू, आता तीन महिने हलू नका." डेन्मार्कमधल्या १९८३ च्या एका अभ्यासात पाठदुखीसाठी झोपवून ठेवलेल्या रुग्णांच्या मणक्यांतलं हाड आठवड्याला सुमारे ०.९ टक्के कमी होताना दिसलं. म्हणजे जे हाड कमी म्हणून मणका मोडला, तेच आणखी घालवायचं! दुखणं कडक असताना थोडे दिवस आराम ठीक. नंतर पट्टा लावून, धरून, घरातल्या घरात चालणं. आजीचा डॉक्टरांना प्रश्न: "मोडलेल्या पाठीनं चालू?" हो आजी, चालायचं.

दुखणं थांबेना म्हणून शेवटी तिच्या मणक्यात सिमेंट भरलं. या उपचाराची सुरुवात फ्रान्समधल्या आमियाँ शहरात १९८४ ला झाली. सुईने मणक्यात एक प्रकारचं प्लास्टिक सोडतात, ते आत घट्ट होतं. २००९ मध्ये दोन अभ्यास आले. त्यांत काही रुग्णांवर नुसतं उपचाराचं नाटक केलं होतं, आणि आराम दोन्ही गटांना जवळपास सारखाच पडला! तेव्हापासून कुणाला सिमेंट भरावं यावर डॉक्टरांत वाद आहेत. आजीला बरं वाटलं, मी तक्रार करत नाही.

तक्रार डिस्चार्जच्या कागदाची आहे. सिमेंट किती मिली ते लिहिलेलं, हाडांच्या घनतेची तपासणी मात्र नाही, हाडाचं औषधही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हॉटफिक्स झाला, रूट कॉज तसाच. सिमेंट एका मणक्यात, बाकीचे मणके तितकेच ठिसूळ. २००१ मधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार मणका मोडलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ पाचातल्या एकीचा वर्षभरात दुसरा मणका मोडतो.

आणि औषधं आहेत! अ‍ॅलेन्ड्रोनेट १९९५ पासून आहे. आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून. २००७ च्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर त्याने ७० टक्क्यांनी घटले. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते परस्पर बंद केलं तर एकामागून एक मणके दबू शकतात. काय द्यायचं ते डॉक्टर किडनी, दात, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व बघून ठरवतात. नाचणी आणि काट्यासकट खाल्लेलं सुकट कॅल्शियमला उत्तम, पण मोडलेल्या मणक्याला तेवढ्याने भागत नाही.

व्यायामाचं सगळ्यात उपयोगी. मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांवर अभ्यास झाला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना मणक्यांची नवी इजा झाली, पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी फक्त १६ टक्क्यांना. गट लहान होता, तरी कारण सरळ आहे: वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि मणका दबतो तो तिथेच. आता आपल्या आज्यांचा दिवस आठवा. केरसुणी, हंडा, लावणी, सगळं कमरेत वाकून. आमच्याकडे लांब दांड्याचा झाडू आला, तांदळाचा डबा ओट्यावर गेला, न्हाणीत पकडायला दांडी बसली, पावसाळ्यात पायरीवरचं शेवाळ घासायचं काम माझ्याकडे आलं. आजीने झाडूला आठवडाभर नावं ठेवली.

आणि मुंबई-गोवा महामार्ग! या रस्त्यावर ठिसूळ हाडांच्या माणसाला एसटीच्या शेवटच्या सीटवर बसवू नका. मागचं चाक खड्ड्यात गेलं की तिथला माणूस सगळ्यात जास्त उसळतो आणि बुडावर आपटतो, मार थेट मणक्याला. पुढच्या दाराजवळची जागा मागून घ्या, लाजू नका.

पायात बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उंची दीड इंचाने कमी झाली, पोक वाढलं, तरी न दुखता दबलेला मणका असू शकतो. या वीकेंडला घरच्यांना भिंतीला टेकून उभं करा, टेप लावा आणि तरुणपणची उंची विचारा.