गर्भपिशवीचा टीबी : मूल न होण्यामागचं लपलेलं कारण

लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, की बोट बाईकडेच जातं. नवस, गंडेदोरे होतात, टीबीची तपासणी मात्र राहून जाते. टीबीचे जंतू बहुतेक वेळा फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकेत आणि पिशवीच्या अस्तरात जातात. नलिका बंद पडते. खोकला नसतोही.

लक्षणं : पाळी कमी येणं किंवा बंद होणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं. काहींना काहीच त्रास नसतो.

तपासणी : नुसत्या थुंकीवरून हा टीबी कळत नाही. पिशवीच्या अस्तराचा नमुना तपासतात, गरज पडल्यास दुर्बिणीतून पाहतात. नवऱ्याचीही तपासणी सोबतच करावी.

उपचार : साधारण ६ महिने. पहिले २ महिने ४ औषधं, पुढचे ४ महिने ३. सरकारी दवाखान्यात मोफत. निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. लघवी लालसर होते, घाबरू नये. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नयेत.

पुढे काय : लवकर उपचार झाले तर दिवस राहू शकतात. खराब झालेली नलिका गोळ्यांनी उघडेलच असं नाही. अस्तर चांगलं असेल तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग उरतो. म्हणून उशीर नको. आधी आशाताईंना विचारा, किंवा १८००-११-६६६६ या मोफत नंबरवर फोन करा.