काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा माग

जुन्या वंशावळीत एखाद्या नावापुढे ‘परागंदा’ एवढाच शेरा असतो आणि पुढची रेघ ओढलेलीच नसते. घरातील वडीलधारी मंडळी त्याविषयी बोलण्याचे टाळतात. क्वचित एखादी आजी ‘तो काळ्या पाण्यावर गेला’ एवढे सांगून विषय संपवते. बीड जिल्ह्यातील कुटुंबाला अशा पूर्वजाचा शोध घ्यायचा असेल, तर तो आज बऱ्याच अंशी शक्य आहे. मात्र त्यासाठी प्रथम बीडचा इतिहास आणि शिक्षेचा भूगोल ध्यानात घ्यावा लागतो.

अंदमानापूर्वीचे काळे पाणी

काळे पाणी म्हणजे अंदमान, हे समीकरण मराठी मनात पक्के आहे. प्रत्यक्षात समुद्रापार हद्दपारीची शिक्षा त्याहून जुनी. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंकुलेन व पेनांग येथे हिंदी कैदी पाठविण्यास आरंभ केला. १८१५ पासून मॉरिशसला, तर १८२५ पासून सिंगापूरला कैदी जाऊ लागले. सिंगापूरचे रस्ते व सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल या कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. मुंबई इलाख्यातील कैदीही मॉरिशस आणि मलायाच्या किनाऱ्यावर पोहोचले होते. अंदमानातील वसाहत १० मार्च १८५८ रोजी २०० कैद्यांसह सुरू झाली. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातील. त्यामुळे पूर्वजाला शिक्षा १८५८ पूर्वी झाली असेल, तर अंदमानाच्या यादीत त्याचे नाव शोधणे व्यर्थ ठरते. शिवाय सर्वच कैदी बेटांवर गेले नाहीत. वासुदेव बळवंत फडके यांना १८८० मध्ये एडनला नेण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

बीड निजामाच्या राज्यात होते

१९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारची न्यायालये व तुरुंग स्वतंत्र होते. म्हणून बीडकडील माणसाला समुद्रापार पाठविले गेले असेल, तर तीन शक्यता आधी तपासाव्यात. शेजारच्या ब्रिटिश अंमलाखालील अहमदनगर जिल्ह्यात पकडला जाऊन त्याच्यावर तेथे खटला चालला असेल. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीने त्याचे प्रकरण हाती घेतले असेल. किंवा तो हैदराबाद कंटिंजंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेत शिपाई असेल आणि त्याला लष्करी न्यायालयासमोर उभे केले गेले असेल.

तिसरी शक्यता बीडसाठी विशेष महत्त्वाची आहे. आजचे अंबाजोगाई म्हणजे त्या काळचे मोमिनाबाद. तेथे कंटिंजंटची छावणी होती. मोमिनाबादहून औरंगाबादला हलविलेल्या पहिल्या घोडदळात जून १८५७ मध्ये असंतोष उफाळला. पुण्याहून जनरल वुडबर्न यांची फौज आली आणि दफेदार मीर फिदा अली याला फाशी देण्यात आले. शिपायाच्या घराण्यातील व्यक्तीचा शोध घेताना गावाच्या नावापेक्षा पलटणीचे नाव अधिक उपयोगी पडते, ते यामुळेच.

रंगराव पागे यांचे उदाहरण

निजाम राज्यातून अंदमानात गेलेल्या मराठी माणसांत रंगराव रत्नाकर पागे यांचे प्रकरण नोंदींनिशी उपलब्ध आहे. नारखेडचे हे पटवारी. नानासाहेब पेशव्यांच्या वतीने दक्षिणेत उठाव घडवून आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. कौलासचे राजे दीपसिंग यांच्याशी त्यांनी संधान बांधले. १८५९ मध्ये खटला चालून पागे यांना फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेप काळ्या पाण्यात बदलण्यात आली. १८६० मध्ये अंदमानातच त्यांचा अंत झाला. दीपसिंग यांना कैद भोगावी लागली. एका खटल्याच्या कागदांतून आरोपी, साथीदार, साक्षीदार, गावे आणि वतने अशी सगळी साखळी कशी उलगडते, याचा हा नमुना आहे.

कागद कोठे मिळतात

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. नाशिक, पैठण, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. ज्या पिढीत एक भाऊ अचानक गायब होतो, तो काळ त्यावरून निश्चित करता येतो. पाटीलकी, पटवारकी किंवा इनाम जप्त झाले असल्यास त्याचा स्वतंत्र कागद असण्याचा संभव असतो.

त्यानंतर सरकारी दप्तरांकडे वळावे. मुंबई इलाख्यातील न्यायखात्याचे कागद महाराष्ट्र शासनाच्या मुंबई येथील पुराभिलेखागारात आहेत. या खात्याचे कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. निजाम सरकारचे दप्तर प्रामुख्याने हैदराबादेतील तारनाका येथील राज्य अभिलेखागारात सापडते. रेसिडेन्सी, परराष्ट्र खाते आणि गृहखात्याची पोर्ट ब्लेअरविषयक कागदपत्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्यांच्या सूचीत शोध घेता येतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात अनेक कागदांच्या प्रती आहेत. अंदमानवर १९४२ ते १९४५ या काळात जपानचा ताबा होता आणि त्या धामधुमीत तेथील बरीच कागदपत्रे नष्ट झाली. म्हणून मुख्य भूमीवरील प्रतींचे मोल अधिक आहे.

नाव, साल आणि लिपी

इंग्रज कारकुनांनी नावे कानाला ऐकू आली तशी लिहिली. जुन्या इंग्रजी कागदांत बीडचा उल्लेख ‘भीर’ असा, तर अंबाजोगाईचा मोमिनाबाद असा येतो. आडनावाऐवजी जात आणि बापाचे नाव दिलेले असते. निजामी कागदांत फसली किंवा हिजरी साल असते. फसली सालात ५९० मिळविले की साधारण इसवी सन मिळतो. हिजरी १२७५ म्हणजे १८५८-५९. निजामाच्या दरबारी कारभाराची भाषा १८८० च्या दशकापर्यंत फारसी होती, पुढे उर्दू आली. गावपातळीवरचे जुने कागद मोडीत असतात. त्यामुळे मोडी आणि फारसी वाचकाची मदत अपरिहार्य ठरते.

बेटावर काय घडले

अंदमानात कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला अडकविला जाई. त्यावर कैद्याचा क्रमांक, कलम आणि शिक्षेचा तपशील कोरलेला असे. हा क्रमांक सापडल्यास पुढचा शोध सुकर होतो. वर्तणूक चांगली असलेल्यांना काही वर्षांनी स्वतः कमावून राहण्याची परवानगी मिळे. ते शेती करीत, सरकारच्या संमतीने कैदी स्त्रीशी विवाह करीत किंवा गावाकडून कुटुंब बोलावून घेत. त्यांच्या संततीतून ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखला जाणारा समाज घडला. त्यात प्रांत आणि जातींच्या भिंती विरल्या, हिंदुस्थानी हीच सर्वांची बोली झाली. गावी मृत मानलेल्या माणसाचा दुसरा वंश पोर्ट ब्लेअरच्या परिसरात नांदत असणे अशक्य नाही.

मागे राहिलेली माणसे

शिक्षा एकट्या कैद्याला होत नसे. पती जिवंत की मृत हे न कळल्याने पत्नीने कुंकू लावावे की पुसावे, हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राही. बारा वर्षे बेपत्ता असलेल्याची पळसाच्या काड्यांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. ब्रिटिश मुलखात १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षे ठावठिकाणा नसलेली व्यक्ती मृत मानण्याची तरतूद केली. जमिनीच्या वाटण्या आणि दत्तकविधान यांची तारीख पाहिली, तर कुटुंबाने त्या माणसाची आशा कधी सोडली, तेही बहुधा कळते.

शोधाचा शेवट सुखावणाराच असेल असे नाही. बंडखोर म्हणून ऐकलेला पूर्वज दरोड्याच्या किंवा खुनाच्या कलमाखाली सापडू शकतो. आणि ब्रिटिश कागदांत दरोडेखोर ठरविलेला माणूस प्रत्यक्षात बंडात सामील असू शकतो. न्यायालयाचा कागद सरकारची बाजू सांगतो. त्यासाठी आरोपीचा जबाब, साक्षी आणि त्या वर्षीची दुष्काळ व सारावसुलीची स्थिती एकत्र वाचणे अगत्याचे आहे. निष्कर्ष काहीही निघो, वंशावळीतील ‘परागंदा’ या शब्दाच्या जागी एक क्रमांक, एक बेट आणि मृत्यूची तारीख लिहिता आली, तर पुढच्या पिढीला त्या नावाशी थांबावे लागणार नाही.