पाठीवरून कागदावर: आयजीईची कुळकथा

१९१९ साली न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन रामिरेझ या डॉक्टरांनी एक चमत्कारिक हकीकत छापली. रक्त कमी झालं म्हणून एका माणसाला दुसऱ्याचं रक्त दिलं होतं. दोनेक आठवड्यांनी तो सेंट्रल पार्कात घोडागाडीतून फिरायला निघाला आणि गाडीतच त्याला धाप लागली. त्याला दमा असा कधी नव्हताच. चौकशी केल्यावर कळलं की रक्त देणाऱ्याला घोड्याचं वावडं होतं.

म्हणजे वावडं रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. पण रक्तातलं नेमकं काय जातं? आज पोराची सर्दी हटत नाही, इसब बरा होत नाही, छाती वाजते, म्हणून डॉक्टर चिठ्ठीवर ‘टोटल आयजीई’ असं लिहून देतात आणि संध्याकाळपर्यंत आकडा हातात येतो. त्या आकड्यापर्यंत पोचायला रामिरेझनंतर जवळजवळ अर्धं शतक गेलं. मधल्या काळात हे मोजायचं यंत्र म्हणजे माणसाची कातडी.

ती वापरायची रीत घातली ब्रेस्लाऊमधल्या दोघांनी. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. हाइन्झ क्यूस्टनरला शिजवलेला मासा चालत नसे. एक घास पोटात गेला तरी अंगावर गांधी उठत. त्याचं रक्त नळीत घेऊन त्यात माशाचा अर्क घातला, तर नळीत काहीच घडत नव्हतं. त्याचे वरिष्ठ कार्ल प्राउस्निट्झ यांना माशाचा काही त्रास नव्हता, त्यांचं वैर गवताच्या परागांशी. प्राउस्निट्झनी क्यूस्टनरच्या रक्तातलं सीरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. जागा लाल झाली, गांध उठली. उलटा प्रयोग, म्हणजे प्राउस्निट्झचं सीरम क्यूस्टनरच्या कातडीत, फसला. १९२१ साली त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं, फसलेल्या भागासकट. मला ते फार आवडतं.

सीरममधल्या त्या अज्ञात पदार्थाला ‘रिएजिन’ म्हणू लागले. तो दिसत नव्हता, वजनात पकडता येत नव्हता, पण कातडीला कळत होता. पुढची चार दशकं हीच तपासणी चालली. ज्या लहानग्याच्या अंगभर इसब आहे त्याला टोचायचं कुठे, हा प्रश्न यायचा. मग त्याचं सीरम घरातल्याच कुणाच्या तरी, बहुतेकदा आईच्या, कातडीत टोचून तिच्यावर वावड्यांची यादी तपासत. एकाचं सीरम दुसऱ्याला टोचण्यात काविळीचा धोका आहे, हे लक्षात आल्यावर ही पद्धत मागे पडली. हिटलर सत्तेवर आल्यावर प्राउस्निट्झ इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइट बेटावर साधी डॉक्टरकी करत राहिले. १९६३ साली ते वारले. रिएजिन म्हणजे काय, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळायला सुरुवात झाली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात, आणि जागा मोठी विलक्षण होती. १९०७ साली क्षयरोग्यांच्या मुलांसाठी तिथे एक अनाथाश्रमवजा घर निघालं होतं. क्षय हटू लागला तशी तिथे दम्याची मुलं येऊ लागली आणि पुढे त्या घराचं ‘चिल्ड्रन्स अ‍ॅझ्मा रिसर्च इन्स्टिट्यूट अँड हॉस्पिटल’ झालं. इथला गाजलेला उपचार म्हणजे मुलाला आईवडिलांपासून तोडणं. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ मरे पेश्किन यांनी त्याला शस्त्रक्रियेच्या थाटाचं नाव दिलं होतं, ‘पॅरेन्टेक्टमी’. आतडं कापून काढावं तसे आईबाप कापून काढायचे. हट्टी दम्याचं मूळ घरातल्या ताणात असतं, अशी समजूत होती. मुलं दीड-दोन वर्षं तिथे राहत आणि बरीचशी सुधारतही. सुधारण्याचं श्रेय आईबापांच्या गैरहजेरीला दिलं गेलं. पण डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे, हवा कोरडी. आणि १९६४च्या सुमारास हॉलंडमध्ये लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीचं वावडं हे मुख्यतः धुळीतल्या सूक्ष्म किडींचं असतं. त्या किडींना दमट हवा लागते. आईला दोष देण्याआधी गादी तपासायला हवी होती, असं आज म्हणणं सोपं आहे. तरी मी ते म्हणतो.

याच संस्थेत १९६२ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी जोडपं कामाला आलं. रिएजिन हे आयजीए नावाचं प्रतिपिंड असावं, असा तेव्हा बऱ्याच जणांचा होरा होता. इशिझाकांनी सीरममधून आयजीए काढून टाकून पाहिलं, तरी गांध उठायची ती उठलीच. म्हणजे माल दुसराच होता. त्यांनी अमेरिकी रॅगवीड या तणाचं वावडं असलेल्या रुग्णांचं सीरम घेतलं, त्याचे भाग पाडत पाडत रिएजिनने दाट झालेला अंश वेगळा केला आणि तो सशांना टोचला. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार झाली, त्यांतून आधीच माहीत असलेल्या प्रतिपिंडांवर चालून जाणारी गाळून टाकली. जी उरली ती नव्या कशाला तरी धरत होती. प्रत्येक टप्प्यावर खात्री करायला कातडीच लागे, आणि ती या दोघांची स्वतःची होती. पाठीवर टोचून घ्यायचं, गांध मोजायची, वहीत लिहायचं. १९६६ साली त्यांनी नव्या प्रतिपिंडाला गॅमा-ई म्हटलं. रॅगवीड आपल्याकडे ओळखीचं नाही, पण त्याचं जवळचं भावंड आपल्याला चांगलंच माहीत आहे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं गाजरगवत.

त्याच वेळी स्वीडनमधल्या उप्साला शहरात उलट्या टोकाने शोध चालू होता. इशिझाका कणाकणाने गोळा करत होते, तर हान्स बेनिख आणि गुन्नार योहान्सन यांच्यापुढे अस्थिमज्जेचा कर्करोग झालेला एक रुग्ण होता, ज्याच्या रक्तात एक अनोळखी प्रतिपिंड भरभरून वाहत होतं. त्या काळी माहीत असलेल्या चारही जातींत ते बसेना. निरोगी माणसांत शोधलं तर नावापुरतं सापडलं. दम्याच्या रुग्णांत शोधलं तर पुष्कळ. हेच रिएजिन. दोन्ही प्रयोगशाळांनी नमुने ताडून पाहिले आणि १९६८च्या फेब्रुवारीत लोझान इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत नाव ठरलं, आयजीई.

ते पूर्वी का सापडलं नाही, याचं उत्तर त्याच्या मात्रेत आहे. रक्तातलं नेहमीचं प्रतिपिंड आयजीजी दर मिलिलिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम असतं. आयजीई त्याच्या हजारो पटींनी कमी, नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं. ते मोजायची सोय उप्सालाच्या लाइफ वीडे यांच्यासह याच चमूने १९६७ साली केली. वावड्याचा पदार्थ घन कणांवर चिकटवायचा, त्यावर सीरम सोडायचं, धुवायचं, मग चिकटून राहिलेल्या आयजीईला किरणोत्सारी खूण लावून मोजायचं. एकाची गांध दुसऱ्याच्या अंगावर उठवायची गरज तिथे संपली. किरणोत्साराची जागा पुढे विकरांनी घेतली, बाकी रीत बरीचशी तीच आहे.

पण आकडा कागदावर आला आणि कातडीला जे कळत होतं त्यातलं थोडं हरवलं. जंतांमुळेही आयजीई वाढतं, म्हणून आपल्याकडे नुसता ‘टोटल’ आकडा फुगलेला दिसला तर त्यावरून पोराला वावडं आहे असं म्हणता येत नाही. एकेका पदार्थाचं वेगळं आयजीई मोजलं तरी गाठ सुटतेच असं नाही. मँचेस्टरमध्ये जन्मापासून पाहणी केलेल्या आठ वर्षांच्या मुलांत ११.८ टक्क्यांच्या तपासणीत शेंगदाण्याविरुद्ध खूण आढळली, पण त्यांतल्या साधारण पाचांतल्या एकालाच खरोखर त्रास होत होता. बाकीची मुलं दाणे खाऊन मजेत होती. खात्री करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खायला घालून पाहावं लागतं. शेंगदाण्यातल्या ‘अ‍ॅरा एच २’ या एकाच प्रथिनाविरुद्धचं आयजीई मोजलं, तर अंदाज बराच सुधारतो, हेही याच पाहणीत निघालं.

आयजीईलाच पकडून ठेवणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २००३ साली दम्यासाठी आणि २०२४च्या फेब्रुवारीत वर्षावरच्या मुलांच्या अन्नाच्या वावड्यासाठी मंजूर झालं. त्याचा डोस ठरतो रुग्णाच्या वजनावर आणि सुरू करण्याआधीच्या टोटल आयजीईवर. सुरू केल्यावर मात्र तो आकडा उतरत नाही, उलट चढतो. कारण औषधाने धरलेलं आयजीई रक्तात जास्त काळ फिरत राहतं आणि तपासणीला तेही मोजलं जातं. औषध थांबवल्यावरही वर्षभर तो चढलेला राहू शकतो, म्हणून उपचार चालू असताना पुन्हा तपासून त्यावरून डोस बदलू नये, असं औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं.